‘कदरदान’मधलं ‘दान’ कोणतं?

विचारणा (दांडिया बाजार, बडोदे)

आमच्याकडच्या एका सधन घराण्याने तीन पिढ्यांनी जमवलेली चित्रं सार्वजनिक संग्रहाला द्यायचं ठरवलंय. चित्रकला शिकणाऱ्या काही मुलांची फीसुद्धा ते भरणार आहेत. घरातल्या थोरल्या काकूंचा सत्कार आहे, मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला. मी ‘कलेच्या थोर कदरदान’ असं लिहिलं. समितीतल्या एका काकांनी ते खोडून ‘कदरदात्या’ केलं. अन्नदान करणारा अन्नदाता, तशी कदरदान करणारी कदरदाती, असं त्यांचं म्हणणं. तर्क चोख वाटतो, पण शब्द जिभेवर बसत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

तुमचंच बरोबर आहे. काकांचा नियम संस्कृत शब्दाचा, आणि हा शब्द संस्कृत नाही. ‘कदर’ अरबी, म्हणजे मोल, योग्यता. ‘दान’ फारसी, ‘दानिस्तन’ म्हणजे जाणणे, त्यातून आलेलं. मोल जाणणारा तो कदरदान. हेच ‘दान’ आपण ‘नादान’मध्ये रोज उच्चारतो: न जाणणारा. फुलदाणी-अत्तरदाणीतलं ‘दाणी’ही फारसीच, पण ते तिसरं, तिथे अर्थ पात्राचा आहे.

त्यामुळे एक पैसाही न देता माणूस कदरदान असू शकतो. मैफलीत शेवटच्या रांगेत बसून नेमक्या समेवर मान डोलावणारा कारकून कदरदान. भिंत रिकामी दिसते म्हणून महागडं चित्र आणणारा नव्हे.

बडोद्यात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. तिसऱ्या सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं करवून घेतली. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. पुढे फैयाज खाँ दरबारचे गवई झाले. पैसा या सगळ्याला लागला, पण कोणाला बोलवावं हे आधी कळावं लागतं. ते कळणं म्हणजे कदर, आणि बोलावून नीट ठेवून घेणं म्हणजे आश्रय. काकूंना मात्र ‘आश्रयदात्या’ म्हणू नका. त्या शब्दात एक वर बसलेला आणि एक आधाराला आलेला असतो; शिकणाऱ्या मुलांना तो लागू करणं मला बरं वाटत नाही. १९१३ साली डॉ. आंबेडकर परदेशी शिकायला गेले ती बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती. परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यामागे होता. तिला कुणी दान म्हणत नाही, हे योग्यच आहे.

आणखी एक प्रतिसाद

सोपा मराठी शब्द हवा तर ‘गुणग्राहक’ होताच की. पण ‘ग्राहक’ आता दुकानात जाऊन बसलाय. ‘कलेच्या ग्राहक’ म्हटलं तर काकू चित्रं विकत घेतात एवढंच कळेल. ‘गुणग्राही’ अजून चालतो. माझी आजी गवयाला दिलेल्या पैशाला कधी देणगी म्हणायची नाही. देणगी देवळाला, बिदागी गवयाला, असं तिचं पक्कं होतं. निरोप देताना हातात ठेवायची ती बिदागी, आणि ती देताना आपणच थोडं वाकायचं, असं ती आम्हाला सांगायची.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. काकांना ‘नादान’चं उदाहरण सांगितलं, त्यांना ते लगेच पटलं आणि फार आवडलं. शिवाय, बाई असो की पुरुष, ‘कदरदान’ तसाच राहतो, हेही त्यांनीच लक्षात आणून दिलं. मसुद्यात आता असं आहे: ‘चित्रांचे मोल जाणणाऱ्या कदरदान, आणि ती सर्वांना पाहता यावीत म्हणून घराबाहेर काढणाऱ्या दानशूर’. दोन्ही शब्द ठेवले, कारण काकूंनी दोन्ही गोष्टी केल्या आहेत. ‘घराबाहेर काढणाऱ्या’ तेवढं खटकतंय; तिथे ‘सर्वांसाठी खुली करणाऱ्या’ घालतो.