सोलोवर (एकटी ऐकताना) दणदणीत, ड्रम वाजले की गिटार गायब

बेसूरबुवा: गिटार रेकॉर्ड करतोय. ड्रॉप सी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली), तारा १०-४६ (बारीक ते जाड, इंचाच्या हजाराव्या भागात), अँप सिम्युलेटरवर (अँपचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) ८. एका टेकची (एकदा वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगची) कॉपी केली, दोन्ही पूर्ण डाव्या-उजव्या टोकाला टाकल्या आणि उजवी १५ मिलिसेकंद मागे सरकवली. सोलोवर भिंत उभी राहते. बास-ड्रम आले की नुसती भुणभुण, मोनोत (डावं-उजवं एकत्र केलं की) आवाज पोकळ, पाम म्यूटला (तळहात तारांवर टेकवून वाजवताना) स्पीकर गदगदतो. ईक्यू (ठरावीक पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त) किती करू?

जुनी केबल: ईक्यूचं नंतर बघा. कॉपी म्हणजे डबल ट्रॅक नव्हे. तोच सिग्नल १५ मिलिसेकंद उशिरा मिसळला की मोनोत ३३, १००, १६७ हर्ट्झ असे ओळीने खड्डे पडत जातात. पोकळपणा तोच. रिफ (परत परत येणारा तुकडा) खरोखर दोनदा वाजवा. हाताच्या बारीक फरकातूनच रुंदी येते. गेन ५ करा. जास्त गेनने पिकचा ठोका दबतो.

बेसूरबुवा: ५ वर रिफ अगदीच मरतुकडा वाटतो.

जुनी केबल: एकटा ऐकून ठरवताय म्हणून. बास चालू ठेवून ऐका, जाडपणा बराचसा त्याचाच असतो.

तारतम्य: धारेसाठी अँपच्या आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह ०, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. खालचा, खर्जाचा भाग डिस्टॉर्शनच्या (अँप आवाज फाडतो त्याच्या) आधीच कमी होतो, म्हणून म्यूट घट्ट येतात. नंतर कापून उपयोग नाही, चिखल झालेला असतो. तरी गदगद उरलीच तर १०० ते २५० हर्ट्झवर मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्टा मोठा झाला की तेवढाच दाबणारा), तोही फक्त म्यूटवर ३-४ डीबी दाबेल इतकाच. तुमचा खालचा सी ६५ हर्ट्झचा, त्याचे पुढचे हार्मोनिक (पटीतले वरचे सूर) १३१ आणि १९६, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. तिथे कायमचा कट दिलात तर मोकळे कॉर्डही हडकुळे होतील.

आणि त्या तारा! ४६ ची तार ड्रॉप सीला लोंबते. जोरात मारली की सूर आधी चढतो, मग खाली बसतो. दोन टेकमध्ये हे वेगवेगळं झालं की डावं-उजवं भांडतं. ५६ च्या आसपासची लावा, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) पुन्हा जुळवा. प्रत्येक टेकआधी ट्यून करा, रिफमध्ये मारता तेवढ्याच जोराने तार छेडून.

फीडबॅक: भुणभुणीसाठी आधी कॅबचा आयआर (स्पीकरची पेटी आणि तिच्यापुढचा माइक यांच्या आवाजाचा नमुना असलेली फाईल) बदलून बघा. माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून बोटभर कडेला गेला तरी वरचा कर्कशपणा उतरतो, ते काम ईक्यूने तितकं सुबक होत नाही. मग ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये अरुंद बँड वर उचलून फिरवा, शिट्टी सापडेल तिथे ३-४ डीबी कापा. असे कट दोनच, पाच-सहा झाले तर आयआरच चुकलाय.