निळा पट्टा म्हणजे घाण पाणीच असं नाही

काही जण म्हणतात की रेझिस्टिव्हिटीच्या नकाशात (जमिनीत वीज सोडून कुठल्या थरात तिला किती रोध होतो ते दाखवणारं चित्र, कमी रोध तिथं निळा रंग) निळा पट्टा दिसला, म्हणजे कचरा डेपोचं पाणी विहिरीकडे सरकलंच. शंका रास्त आहे, पण आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात एवढ्यावर निकाल देऊ नका. क्षारांनी भरलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून रोध कमी दिसतो हे खरं. पण जांभ्याखाली जी पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते तीही ओली असली की तसाच कमी रोध दाखवते. नकाशात दोन्ही निळेच! त्यामुळे एक लाईन (जमिनीत ओळीनं धातूच्या खुंट्या ठोकून केलेली मोजणी) डेपोच्या वरच्या अंगाला, जिथं घाण पोचणं शक्यच नाही तिथं घ्यायला सांगा. तिथंही त्याच खोलीवर पट्टा आला तर ती माती. शिवाय पावसाआधी आणि पावसानंतर मोजा. माती जागची हलत नाही, दूषित पाणी सरकतं किंवा पातळ होतं.

आणखी एक. लाईनच्या लांबीच्या साधारण पाचव्या भागाइतकंच खोल दिसतं, म्हणजे १०० मीटरच्या लाईनवरून २०० फुटी बोअरबद्दल बोलणं व्यर्थ. एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या जांभ्यात खुंट्या ठोकल्या की करंटच जात नाही, प्रत्येकीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. ते बघून बांधावरून हमखास विचारणा येते, "काय ओ, पाणी बघालाय काय?" त्यांना पाणाडी समजू द्या, पण त्यांच्या विहिरीतलं बाटलीभर पाणी घ्या आणि कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजा. स्वस्तातलं मीटरही चालतं.