होडी एकच, मग यामिकीच्या शाखा इतक्या कशाला?

खाडीपलीकडचा:
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मेकॅनिक्सच्या, म्हणजे यामिकीच्या, शाखांचा तक्ता करतोय. एका पुस्तकात स्टॅटिक्स, कायनेमॅटिक्स, डायनॅमिक्स अशा तीन फांद्या. दुसऱ्यात क्लासिकल, रिलेटिव्हिस्टिक, क्वांटम. तिसऱ्याने फ्लुइड मेकॅनिक्स मध्येच कुठेतरी टांगलंय. मुलं विचारतात, मिरकरवाड्याच्या धक्क्याला बांधलेली होडी नक्की कुठल्या फांदीवर? उदाहरणं समुद्राकाठची चालतील. मराठी संज्ञाही द्या.

जांभा७२:
झाड काढूच नका, घोळ तिथेच होतो. ही विभागणी तीन वेगळ्या प्रश्नांची आहे. पहिला, विचारायचं काय? त्यावरून स्थितिकी, शुद्धगतिकी, गतिकी. दुसरा, वस्तू कसली: कण, दृढ वस्तू, वाकणारी वस्तू की द्रव-वायू? तिसरा, वेग आणि आकारमान किती? त्यावरून अभिजात, सापेक्षतावादी, पुंज. प्रत्येक गणिताला तिन्ही उत्तरं असतात. त्यामुळे तक्ता हवाच तर तीन रकान्यांचा करा. (यामिकीला ‘यांत्रिकी’ही म्हणतात, पण मुलांना ते ऐकून गॅरेज आठवतं.)

शुद्धगतिकीला खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, घ्या. पात्र २०० मीटर, होडीचा पाण्यातला वेग सेकंदाला २ मीटर, ओहोटीची ओढ १ मीटर. तोंड थेट पलीकडे ठेवलं तर १०० सेकंदांत पोचाल, पण १०० मीटर खाली वाहून. समोरच्याच घाटाला लागायचं तर तोंड ओढीच्या विरुद्ध अंगाला ३० अंश वळवायचं. पलीकडे सरकण्याचा वेग १.७३ उरतो आणि सुमारे ११५ सेकंद लागतात. यात होडीचं वस्तुमान कुठेच आलं नाही. मुलं ते घुसडतात, कारण दिलेला प्रत्येक आकडा वापरायलाच हवा अशी सवय लागलेली असते.

गतिकीला धक्क्यावर टांगलेले जुने टायर पुरेत. ५ टनांची होडी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने टेकते. गतिज ऊर्जा ६२५ जूल. टायर १० सेंटिमीटर दबला तर सरासरी बल ६,२५० न्यूटन. टायर नाही, काँक्रीट आणि फळी मिळून ५ मिलिमीटरच दबले, तर १,२५,००० न्यूटन. ऊर्जा तीच, बल वीसपट, आणि फळी फुटते ती बलाने.

उलांडी:
टायरचं उदाहरण झकास, पण हिशेब कमी भरतो. होडी आडवी धक्क्याला लागते तेव्हा तिच्याबरोबर बाजूचं पाणीही हलत असतं, तेही थांबवावं लागतं. हे जोडवस्तुमान आडव्या हालचालीत होडीच्या स्वतःच्या वस्तुमानाइतकंसुद्धा भरू शकतं. म्हणजे ऊर्जा दुप्पट धरणं शहाणपणाचं. ‘वस्तू कसली’ हा दुसरा प्रश्न विसरलं की असं होतं.

स्थितिकीतही तीच गंमत. धक्क्यावरून होडीत टाकलेली ३ मीटरची फळी, एका टोकापासून १ मीटरवर ६० किलोचा माणूस. जवळच्या टोकावर ४० किलोचा भार, लांबच्यावर २०. आता मध्ये तिसरा टेकू द्या. अज्ञात तीन झाले, समीकरणं दोनच: बलांची बेरीज आणि आघूर्णांची (बल गुणिले टेकूपासूनचं अंतर) बेरीज. दृढ वस्तूची स्थितिकी इथे हात टेकते. फळी किती वाकते हे घेतल्याशिवाय उत्तरच नाही. इथून स्थितिस्थापकता सुरू. धक्क्याचा स्लॅब अनेक खांबांवर असतो, तिथेही हेच.

आणि बांधलेली होडी ‘नुसती स्थितिकी’ म्हणून सोडू नका. पेटीसारखी होडी धरा: लांबी ६, रुंदी २, पाण्यात बुडालेला भाग ०.५ मीटर. विस्थापित पाणी ६ घनमीटर, समुद्राचं पाणी घनमीटरला १,०२५ किलो, म्हणून एकूण वस्तुमान ६,१५० किलो. उत्प्लावन केंद्र, म्हणजे बुडालेल्या भागाचा मध्य, तळापासून ०.२५ मीटरवर. प्लवकेंद्र (मेटासेंटर: होडी जरा कलली की पाण्याच्या वर ढकलणाऱ्या बलाची रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू; गुरुत्वमध्य याच्या खाली हवा) त्याच्या वर किती, तर रुंदीचा वर्ग भागिले बुडालेल्या खोलीची १२ पट: ०.६७. म्हणजे तळापासून ०.९२. गुरुत्वमध्य ०.७० वर असेल तर हाताशी राहिले २२ सेंटिमीटर. होडी सरळ राहते ती एवढ्याच भांडवलावर.

आता खालच्या खणातली ६०० किलो मासळी क्रेटांसकट दीड मीटर वर, डेकवर रचा. गुरुत्वमध्य सुमारे १५ सेंटिमीटर चढतो, उरतात ७. होडी लगेच उलटत नाही, पण एका हेलकाव्याला साडेतीन सेकंद लागत होते तिथे सहा लागतात. संथ डुलणं बसणाऱ्याला सुखाचं वाटतं, आणि तीच धोक्याची खूण.

त्याहून वाईट म्हणजे खणात साचलेलं मोकळं पाणी. ३ मीटर लांबीच्या, पूर्ण रुंदीच्या खणात ते पसरलं की कलंडताना एका अंगाला धावतं; परिणामी तब्बल ३३ सेंटिमीटर वजा होतात. पाणी कमी की जास्त याने छोट्या कलाला फारसा फरक पडत नाही, तळ झाकला गेला की पुरे. होते २२, वजा ३३: होडी सरळ राहणारच नाही. मधोमध लांबीच्या दिशेने एक फळी उभी केली तर वजाबाकी चौथाईवर, म्हणजे ८ वर येते. रुंदीचा घन लागतो, म्हणून. रुंदीच्या दिशेने फळी लावून हा फायदा मिळत नाही, ही चूक सर्रास दिसते.

खाडीपलीकडचा:
हे तिसऱ्या टेकूचं उद्याच घेतो. तिसऱ्या रकान्यासाठीही होडी चालेल का? की तिथे इलेक्ट्रॉनच आणायचा?

जांभा७२:
होडीवरचा जीपीएस घ्या. १० नॉट म्हणजे सेकंदाला ५.१ मीटर, या वेगाला सापेक्षतेची दुरुस्ती सोळाव्या दशांश स्थानी येते, विसरा. पण वरच्या उपग्रहाचं घड्याळ वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि गुरुत्व कमी असल्यामुळे ४५ पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे. प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर ११ किलोमीटरच्या वर. ही दुरुस्ती केली नसती तर अंतरातली चूक रोज तेवढी वाढत गेली असती. यातले ७ विशिष्ट सापेक्षतेचे, ४५ व्यापक सापेक्षतेचे. तक्त्यात दोन्ही एकाच खणात कोंबू नका.

पुंज यामिकीही त्याच उपग्रहातल्या अणुघड्याळात आहे. सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ठरावीक प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांची. पुंज यामिकीत चालत्या वस्तूलाही तरंगलांबी असते, ती काढून दाखवा: सेकंदाला १० लाख मीटर वेगाच्या इलेक्ट्रॉनची ०.७ नॅनोमीटर, म्हणजे काही अणूंच्या रुंदीइतकी, म्हणून ती जाणवते. दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पडला तर जमिनीशी वेग १७, तरंगलांबी सुमारे २.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर. त्याला अभिजात यामिकी पुरते.

उलांडी:
सांख्यिकीय यामिकी राहिली. एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ गुणिले १० चा २५ वा घात रेणू. प्रत्येकाचं समीकरण मांडणं अशक्य, म्हणून सरासरी घ्यायची. ती अभिजात नियमांवरही उभी राहते, पुंज नियमांवरही. तेव्हा तिसऱ्या रकान्यात टाकू नका. दुसऱ्यात, द्रव-वायूच्या खाली, ‘कण अगणित’ अशी वेगळी ओळ करा.