व्होल्टेज फिरवता येतं, पण कॉइलचा रेझिस्टन्स दिसत नाही: असं व्हेप घ्यावं का?

लेस्टरकर

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आली. सिगारेट सोडून त्यांवर आलेले आमच्या ओळखीतले बरेच जण तेव्हापासून पुन्हा भरता येणाऱ्या व्हेपकडे वळले. माझा मेहुणा त्यातलाच. दुकानात त्याला दोन व्हेप दाखवले. दोन्हींत व्होल्टेज कमीजास्त होतं. एकावर नुसती फिरवायची चकती, ३.२ ते ४.८ व्होल्ट. दुसऱ्यावर छोटा पडदा, आणि कॉइल (तापून लिक्विडची वाफ करणारी तार) बसवली की तिचा रेझिस्टन्स ओहममध्ये दिसतो. तो थोडा महाग आहे. मेहुण्याचं म्हणणं, झुरका दोन्हींतून येतो, मग जास्तीचे पैसे कशाला?

माझ्या मते पहिला घेऊच नये. कॉइल किती तापणार हे एकटं व्होल्टेज ठरवत नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स म्हणजे वॅट, हे आपण शाळेत शिकलोय. चकती ३.८ वर ठेवा. कॉइल १.८ ओहमची असेल तर जेमतेम ८ वॅट. तिच्या जागी ०.८ ची बसवली तर १८ वॅट. चकतीला हातही लावला नाही, तरी उष्णता दुपटीहून जास्त. जी कॉइल ८-१० वॅटसाठी बनवलीय तिच्यातला लिक्विड शोषणारा कापूस १८ ला कोरडा पडतो, जळतो आणि तो धूर घशात जातो.

२०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचं एक पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं होतं. ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्माल्डिहाइड हे विषारी रसायन सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर ग्रीसचे डॉ. कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि इतरांचा आक्षेप असा की, त्या कॉइलला ५ व्होल्ट म्हणजे कोरडा, जळका झुरका, आणि तो कुणी माणूस ओढतच राहणार नाही. वाद मोठा झाला. पण दोन्ही बाजू ऐकल्या तरी एक गोष्ट उरते: समोर कुठली कॉइल आहे हे कळल्याशिवाय ‘५ व्होल्ट’ या आकड्याला काही अर्थ नाही.

नदीकाठची

लेस्टरकर, गणित बरोबर आहे, पण ते चुकीच्या माणसापुढे मांडताय. तुमच्या मेहुण्याला सिगारेट सोडायची आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं नाही. ब्रिटनमधलीच २०१९ ची चाचणी घ्या. ८८६ लोक, निम्म्यांना निकोटिनचे पॅच, गोळ्या वगैरे, निम्म्यांना साधा, पुन्हा भरता येणारा व्हेप. वर्षानंतर सिगारेटपासून लांब राहिलेले व्हेपच्या गटात १८ टक्के, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. त्या व्हेपवर ना पडदा होता ना आकडे. समुपदेशन मात्र दोन्ही गटांना होतं, आणि माझ्या मते त्याचं मोल पडद्याहून कितीतरी जास्त.

शिवाय कॉइलच्या अंगावर ओहम छापलेले असतात, शेजारी किती वॅट चालतील तेही. वाचायचं आणि तेवढ्यावर ठेवायचं. त्याहून सोपं म्हणजे चकतीही नको. १.२ ओहमचा पॉड, म्हणजे कॉइल आतच असलेली लिक्विडची डबी बसवायचा छोटा व्हेप, तोंडाने ओढला की सुरू होणारा. माझ्या नवऱ्याची सिगारेट असल्याच पॉडवर सुटली. त्याच्या हातात बटणं दिली असती तर दर संध्याकाळी तीच फिरवत बसला असता आणि एक दिवस कंटाळून परत पाकीट आणलं असतं.

जुना तारवाला

तुम्ही दोघं मागच्या दशकातला प्रश्न सोडवताय. व्होल्टेज फिरवायचंच कशाला?

तेव्हाची गोष्ट सांगतो. प्रोव्हारी नावाचं अमेरिकन उपकरण होतं, २.९ ते ६ व्होल्ट. नळीसारखं, जड, महाग. पण बटण दाबत गेलं की कॉइलचे ओहम दाखवायचं, आणि लोक त्यासाठीच ते घ्यायचे. मग २०११ मध्ये ओहायोच्या इव्हॉल्व्ह कंपनीने डार्विन आणलं. त्यात वॅट ठरवायचे. यंत्र स्वतः रेझिस्टन्स मोजतं आणि लागेल तेवढं व्होल्टेज सोडतं. १० वॅट म्हटलं की १.८ ओहमला साधारण ४.२ व्होल्ट, ०.८ ला २.८. लेस्टरकरांचं अख्खं गणित यंत्र करतं. आज वॅटचे व्हेप सगळीकडे मिळतात, आणि त्यांना रेझिस्टन्स मोजल्याशिवाय चालताच येत नाही. मेहुण्याला तेच घेऊन द्या.

दुसरं, चकतीवरच्या आकड्यावर तरी विश्वास का ठेवायचा? बरीच स्वस्त सर्किटं व्होल्टेज खरं कमी करत नाहीत, तुकडे करून सोडतात. समजा, आत ६ व्होल्टचे ठोके आहेत आणि चकती सरासरी ३.७ दाखवतेय. उष्णता सरासरीवर ठरत नाही, वर्गाच्या सरासरीवर ठरते. ते ठोके कॉइलला जवळजवळ ४.७ व्होल्टइतकं तापवतील. पूर्वी व्हामो नावाच्या व्हेपमध्ये यातली कुठली पद्धत हवी ते निवडायची सोयच दिली होती. म्हणजे ही अडचण बनवणाऱ्यांनाही चांगली ठाऊक होती.

लेस्टरकर

तारवाला, वॅटबद्दल मान्य. माझा आग्रह व्होल्टला नाहीच, ओहम दिसण्याला आहे. वॅटचा व्हेप घेतला तरी पडद्यावर ओहम दिसायलाच हवेत.

ताई, छापील आकडा तुम्ही पुरेसा मानता. तिथे माझा खरा विरोध आहे. छापील आकडा कारखान्यातल्या कॉइलचा. दाखवलेला आकडा आत्ता, या टाकीत, या आट्यांवर बसलेल्या कॉइलचा. कॉइल नीट आवळली गेली नाही, किंवा टाकी बसवायच्या ‘५१०’ मापाच्या आट्यांमध्ये लिक्विड झिरपून मधली पिन चिकट झाली, की आकडा हलायला लागतो. १.२ ची कॉइल कधी १.३, कधी १.६ दाखवते. कँथल या मिश्रधातूच्या तारेचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे तो नाचला तर दोष तारेत नाही, जोडणीत आहे. टाकी काढा, पिन आणि आटे कोरड्या कापसाने पुसा, परत बसवा. स्टीलच्या तारेचा आकडा मात्र गरम असताना चढतो, म्हणून तो कॉइल थंड असताना बघायचा. पडदा नसलेल्याला हे कळत कसं? चव बिघडते, तो चकती वाढवतो, आणि एका झुरक्याला जोडणी अचानक नीट लागली की जोराचा ठसका.

उलट बाजू जास्त गंभीर. आकडा पडला, म्हणजे १.२ च्या जागी ०.२ दिसू लागले, तर आत कुठेतरी शॉर्ट होतोय. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. संरक्षण नसेल तर ०.२ ओहममधून २१ अँपिअर ओढले जातात, आणि १८६५० आकाराचे कित्येक चांगले सेल सलग १५ किंवा २० अँपिअरसाठीच बनवलेले असतात. मोजणारं यंत्र तिथेच थांबतं.

सातारी परिचारिका

ताईंनी सांगितलेल्या चाचणीचा दुसरा आकडाही इथे यायला हवा. व्हेपच्या गटातून ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात सिगारेट सुटल्यावरही पॅच-गोळ्या घेत राहिलेले ९ टक्केच. ओहमवर एवढी चर्चा करताय, पण हे यंत्र ठेवून कधी द्यायचं याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्याला आकडे फिरवायची गोडी लागली तो ते खाली ठेवेल असं मला वाटत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: २०१९ च्या कायद्याने इथे ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं, साठवणं सगळ्याला बंदी आहे. बनवणं, आणणं, विकणं यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सुट्टीला येताना भावासाठी, मित्रासाठी एखादं आणू नका. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे माणूस बोलतो.

नदीकाठची

परिचारिकाताई, ८० टक्के हा आकडा मलाही बोचतो. पण ते लोक वर्षभर सिगारेटविना राहिले. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या छातीत गेला नाही, आणि घरात जे बघितलंय त्यावरून मला हे फार मोठं वाटतं. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने व्हेपला हात लावू नये, यात वाद नाही.

लेस्टरकर, ०.२ चं उदाहरण भीती घालणारं आहे. बंद पॉडमध्ये सेल बाहेर काढता येत नाही, चांगल्या पॉडमध्ये शॉर्टचं संरक्षण असतं, आणि बरेचसे पॉड आतल्या आत रेझिस्टन्स मोजून वॅट आपोआप ठरवतात. दाखवत नाहीत एवढंच. जे मोजणं तुम्हाला हवंय ते पॉडमध्येही होतं.

लेस्टरकर

मोजतात, तर दाखवावं. यंत्राला कळतं आणि ओढणाऱ्याला कळत नाही, हे मला पटत नाही.

ओहमचा संबंध निकोटिनशीही आहे, तो राहिला. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये निकोटिन जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर चालतं. मेहुण्याकडे त्याच ताकदीची, निकोटिन सॉल्टची (घशाला सौम्य लागणाऱ्या निकोटिनची) बाटली आहे. १.२ ओहमला १० वॅटवर, सिगारेटसारखा बारीक झुरका घेताना ती ठीक. दुकानदाराने त्याच टाकीत बसणारी ०.४ ची कॉइल दिली आणि तिच्याजोगे वॅट वाढवले की वाफ कितीतरी पट वाढते आणि एका झुरक्यात निकोटिनही. चक्कर, मळमळ. तलफ भागवायला आलेला माणूस घाबरून व्हेप टाकून देतो आणि सिगारेटकडे परततो. पडद्यावर ०.४ दिसलं तर तो निदान विचारेल तरी.

जुना तारवाला

हा मुद्दा मात्र पक्का. ताई, तुमचा पॉडही इथे सुटत नाही. एकाच व्हेपचे १.२ आणि ०.४ चे पॉड बाहेरून सारखेच दिसतात, आणि छापील आकडा इतका बारीक असतो की चाळिशीनंतर चष्मा शोधावा लागतो.

नदीकाठची

ते खरं. तरी पहिले तीन महिने पॉडच, असंच मी म्हणेन. बाटली आणि पॉडचं खोकं एकाच पिशवीत ठेवायचं, म्हणजे गोंधळ होत नाही.

लेस्टरकर

मेहुणा शनिवारी दुकानात जातोय, मीही बरोबर जाणार. चकतीचा व्हेप यादीतून गेला. वॅटचा, ओहम दाखवणारा छोटा व्हेप आणि १.२ च्या कॉइलचं एक पाकीट घेणार. वॅट १० वर कुलूपबंद करून देणार, म्हणजे नदीकाठच्या ताईंची बटणांची काळजी मिटेल. परिचारिकाताई, निकोटिन २० वरून १० वर कधी आणायचं हे ठरवायला त्याला इथल्या धूम्रपानमुक्ती सेवेची वेळही घेऊन देतो.