काळ्या गाडीवर धुतल्यावर पांढरे डाग आणि जाळं: पुसायचं कसं?

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. गाडी काळी, दीड वर्षाची. पाणी बोअरचं. धुऊन झाल्यावर बॉनेट आणि छतावर पांढरे गोल डाग राहतात, आणि उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. पुसायला गॅरेजमध्ये असतो तो पिवळा फडका आहे. दोन शंका आहेत. पुसायला नेमकं काय घ्यावं? आणि गळीत हंगामात रोज सकाळी गाडीवर काळी राख असते, ती कोरड्या फडक्यानं झटकली तर चालेल का? रोज धुणं काय जमणार नाही.

पॉलिशवाला_९
डाग आणि जाळं हे दोन वेगळे रोग आहेत, एका औषधानं जायचे नाहीत.

डाग पाण्याचे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडतं, क्षार तिथंच बसतात. थेंब भिंगासारखा तापून रंग जाळतो असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. सगळा खेळ थेंब वाळायच्या आत उचलण्याचा आहे. सावलीत धुवा, बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये एक बाजू धुवेपर्यंत दुसरी वाळते, तेव्हा मधून मधून सगळ्या गाडीवर पाणी मारत राहा.

शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढा. उघड्या पाइपनं, कमी दाबात, छतावरून पाणी सोडा. ते चादरीसारखं ओघळतं आणि अंगावरचे बरेच थेंब सोबत घेऊन जातं. पुसायचं काम तिथंच निम्मं होतं.

मग मायक्रोफायबर टॉवेल: ८०० ते १२०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन), ट्विस्टेड लूप म्हणजे पिळलेल्या धाग्यांच्या विणीचा, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर. आधी ओला करून घट्ट पिळून घ्या, ठणठणीत कोरडा टॉवेल पाणी पटकन ओढत नाही. पॅनेलवर अंथरायचा, दोन कोपरे धरून स्वतःकडे ओढायचा. दाबायचं नाही, गोल गोल तर अजिबात नाही. छत, काचा, बॉनेट, डिकी, दारं या क्रमानं. दारांच्या खालच्या पट्टीला मात्र वेगळं कापड, तिथं चिखलाची वाळू उरलेली असतेच. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

आरशांच्या खाचा, हँडल, लोगो, पेट्रोलचं झाकण यांतून दहा मिनिटांनी पाणी पाझरतं आणि पुसलेल्या दारावर पांढरी रेघ ओढतं. छोटा ब्लोअर असेल तर तिथं मारा, नाहीतर दारं एकदा उघडझाप करून पुन्हा पुसा.

जाळं पडतं ते घासण्यानं. रंगावरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. पॉलिश करताना तोच थोडा थोडा खरवडला जातो, म्हणून दर वर्षी पॉलिश मारत बसू नका. पिवळा फडका टायरला ठेवा.

शिरोली_नाका
राखेचं मी सांगतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतो आणि त्याच्या राखेत सिलिका असते. सिलिका म्हणजे वाळूच की हो! कोरडा फडका मारला म्हणजे पॉलिश पेपर मारल्यासारखं झालं. मऊ डस्टर आणि मोरपिसांची झाडणीही तेच करते, फक्त जरा प्रेमानं. बादलीभर पाणी वरून ओता, हात लावू नका. वेळ नसेल तर राख तशीच राहू द्या. दव पडून ती चिकटली असेल तर आधी भिजवा, मग शाम्पू. आणि धुळीच्या किंवा ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर हललं की तेच घासणं.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या बाजूला गाडी उभी राहत असेल तर फौंड्रीची (लोखंड ओतायच्या कारखान्याची) लोखंडी धूळ हा तिसरा प्रकार. पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके दिसतात, काळ्यावर दिसत नाहीत पण हात फिरवला की खरखर लागते. त्यावर आयर्न रिमूव्हर सावलीत फवारा, ३ ते ५ मिनिटं थांबा. तो जांभळा होतो. वाळू न देता धुऊन टाका.

कळंबा_रोड
भारी! घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी शेवटच्या हाताला वापरू का? आणि आधीचे डाग?

पॉलिशवाला_९
वाया जाणारं पाणी नको! गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच जमलेले असतात, बोअरपेक्षा वाईट. पिण्याचं निघतं ते ४-५ लिटर वापरा, छतावरून हळू ओतायला तेवढं पुरतं. सॉफ्टनर लावला असेल तरी डाग राहतात, कारण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही. फरक इतकाच की ते डाग पाण्यानं निघतात.

जुन्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि आरओ पाणी निम्मं-निम्मं. गार पॅनेलवर मायक्रोफायबर भिजवून ठेवा, दोन मिनिटांत उचला, भरपूर पाण्यानं धुवा. क्रोम आणि उघड्या धातूपासून लांब. नखाला खड्डा लागत असेल तर क्षारानं क्लिअर कोट खाल्लाय, तिथं व्हिनेगर काही करणार नाही, मशीनचं पॉलिशच लागेल. व्हिनेगरनं वॅक्सही जातं, त्यामुळं नंतर पुन्हा वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच रंग जपणारा थर) मारा.

पंचगंगा_घाट
टॉवेल धुताना कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, धाग्यावर थर बसतो आणि तो पाणी ओढायचा बंद होतो. सुती कपड्यांबरोबरही नको, सुताची बारीक लव (लिंट) चिकटते. साधं लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, सावलीत वाळवण.

चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलनं पुसण्याची पद्धत अजून दिसते. वॅक्स जातं, तेलकट थरावर दुपारपर्यंत धूळ बसते आणि दारांची रबरं फुगतात.

धुऊन झाल्यावर गाडी लगेच लावून ठेवू नका. गल्लीत एक फेरी मारून चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा. ओल्या डिस्कवर रात्रीत गंज धरतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला करकर ऐकू येते.