मदत हवी आहे: विजांच्या पावसानंतर रास्पबेरी पाय ३ बी वर लॅन पोर्ट दिसतच नाही

नमस्कार मंडळी,

वाळपईजवळ आमच्या गावच्या वाचनालयातली पुस्तकांची नोंद रास्पबेरी पाय ३ बी या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकावर आहे. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी विजांचा पाऊस झाला, लाइट गेली-आली, आणि तेव्हापासून लॅन (केबलने जोडायचं नेटवर्क) बंद. केबल लावली तरी जॅकवरचे दिवे पेटत नाहीत. नेटवर्कची यादी दाखवणारी 'आयपी लिंक' कमांड दिल्यावर 'एलओ' (संगणकाचं अंतर्गत नेटवर्क) आणि 'डब्ल्यूलॅन०' (वायफाय) एवढंच येतं. आयपी मिळत नाही ही फार पुढची गोष्ट झाली; लिनक्सच्या लेखी पोर्टच नाही.

केबल ठीक आहे, तीच लॅपटॉपला लावली की नेट चालतं. दुसऱ्या मेमरी कार्डावर ताजी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून पाहिली, तोच प्रकार. 'व्हीसीजेनसीएमडी' कमांडने व्होल्टेज तपासलं, कमी पडत नाहीये.

कोडं पुढेच आहे. या मॉडेलवर लॅन आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच लॅन९५१४ चिपवर असतात. यूएसबीवरच्या वस्तूंची यादी देणाऱ्या 'एलएसयूएसबी' कमांडमध्ये तिचा हब, म्हणजे यूएसबी पोर्ट सांभाळणारा भाग (ओळख क्रमांक ०४२४:९५१४), दिसतो, कीबोर्ड-माऊसही चालतात. पण तिच्यातलाच इथरनेटचा, म्हणजे लॅनचा, भाग, ०४२४:ईसी००, गायब आहे. चिपचा एक भाग जळून दुसरा चालू राहिलेला कोणी पाहिलाय का? की अजून काही तपासायचं राहिलंय?

वायफायवर भागत नाही. राउटर शेजारच्या इमारतीत आहे आणि मधे चिऱ्यांच्या जाड भिंती.

आरटीएल८१५३ चिपचा यूएसबी-लॅन अॅडॅप्टर घ्यावा असं मनात आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच (गाभ्यातच) आहे, आणि जुनं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असल्यामुळे वेगात नुकसान नाही. मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा ओळख क्रमांक) बदलेल, तेवढं राउटरमध्ये नव्याने नोंदवू. पण झटका बसलेल्या त्याच हबवर तो लावायचा, याची भीती वाटते.

त्याहून मोठी काळजी अंगणावरून उघड्यावर आलेल्या तांब्याच्या केबलची आहे. मे महिन्यात पुन्हा गडगडाट सुरू होईल. लॅनचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) चांगलं अर्थिंग असेल तरच कामाचा, आणि आमचं अर्थिंग जुनं आहे. त्यापेक्षा तेवढ्या टप्प्यात धातूची तार नसलेली फायबर (प्रकाशाने डेटा नेणारी केबल) टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडून देणारं उपकरण) बसवला, तर विजेचा झटका केबलमधून आत यायची वाटच राहणार नाही, असं मला वाटतं.

वाचनालय वर्गणीवर चालतं आणि परीक्षांचे फॉर्म भरायला गावातली मुलं इथेच येतात, म्हणून खर्च एकदाच आणि नीट करायचा आहे. गोव्यात किंवा कोकणात कोणी अशी फायबर टाकली असेल तर पावसाळ्यात ती कशी टिकली, कन्व्हर्टर कुठला घेतला, हे कृपया सांगा.