मामाच्या माळ्यावर सापडलेलं बाल्साचं विमान: रेडिओ कुठे बसवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मिरजेला आजोळचं घर रिकामं करतोय. माळ्यावर गणपतीच्या मखरामागे जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक विमान निघालं. मामाचं. तो जाऊन नऊ वर्षं झाली. आजी म्हणते, लग्नाआधी रविवारी सकाळी सायकलच्या कॅरियरला बांधून माळावर न्यायचा, दुपारी एरंडेलाचा वास घेऊन परत यायचा. आम्हा भाचरांना त्याने हे कधी दाखवलंच नाही.

विमान बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं आहे, वर लाल कागद, काही ठिकाणी फाटलेला. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साधारण ९० सेंटीमीटर. नाकावर छोटंसं इंजिन आहे. त्याला स्पार्क प्लग नाही, डोक्यावर नुसता आडव्या दांडीचा एक स्क्रू. पंखा अजिबात फिरत नाही. सोबत एक लाकडी मूठ, तारेचं रीळ आणि तपकिरी काचेची बाटली होती. बाटलीच्या तळाशी चार बोटं पिवळसर द्रव आहे, इंधन असावं.

मला हे उडवायचंय. रिमोट विकत घेईन, पण विमानात सर्व्हो (शेपटी हलवणारी छोटी मोटर) किंवा रिसीव्हरसाठी जागाच दिसत नाही. डाव्या पंखाच्या टोकातून दोन बारीक तारा बाहेर आल्यात, त्या कशाच्या ते कळत नाही. उभी शेपटी उजवीकडे वळलेली आहे, बहुतेक माळ्यावर दबून वाकली. उजवा पंख डाव्यापेक्षा बोटभर आखूड आहे, म्हणजे मामाचं मोजमाप थोडं चुकलेलं दिसतं.

रविवारी गंज सोडवायचं तेल मारून पंखा पक्कडीने फिरवून बघणार आहे. तारा कापून आत सर्व्हो बसवता येतील का?

पुणेरी पायलट

मस्त सापडलंय! माझ्या मते जुनं इंजिन काढून शोकेसमध्ये ठेव. ब्रशलेस मोटर, तीस अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, तीन सेलची लायपो बॅटरी आणि नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो घे. दोन संध्याकाळी काम होतं. वजन मात्र आधी कर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या पुढे गेलास की ते नॅनो, म्हणजे सर्वांत हलक्या वर्गात राहत नाही. आणि उडवायची जागा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते बघ.

बाल्सा ६१

थांब. पक्कड खाली ठेव, तारा कापू नकोस, आणि सगळ्यात आधी ती बाटली. तुला तू म्हणतो, माझ्या मुलाच्या वयाचा असशील.

बाटलीचं झाकण फिरवू नकोस, बाटली हलवू नकोस. त्यात ईथर असणार, चटकन उडून जाणारा आणि पेट घेणारा द्रव. या इंजिनांचं इंधन आम्ही घरी मिसळायचो: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण एकेक भाग. ईथर वर्षानुवर्षं हवेच्या संपर्कात पडून राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, आणि ते नुसत्या घर्षणाने फुटू शकतात. झाकणाच्या आट्यांत स्फटिक धरलेले असले तर झाकण पिळणं हेच घर्षण. ते द्रव बहुधा नुसतं एरंडेल उरलेलंही असेल, पण ते उघडून ठरवायचं नाही. आहे तिथेच राहू दे, आजीला आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नकोस, जवळ देवाचा दिवाही नको. अग्निशमन दलाला किंवा एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या विभागाला फोन करून नीट सांग: जुन्या ईथरची बाटली आहे. हे झालं की पुढचं वाच.

आता विमान. तुझ्या मामाचं मोजमाप चुकलेलं नाही. तू जे जे चूक म्हणून लिहिलंयस ते सगळं त्याने मुद्दाम केलंय, आणि ते वाचताना मला फार आनंद झाला, कारण माणूस जाणकार होता.

हे रेडिओचं विमान नाही. हे कंट्रोल लाइन आहे, आम्ही नुसतं 'तारेवरचं' म्हणायचो. डाव्या पंखातून आलेल्या त्या दोन तारांना पंधराएक मीटरच्या पोलादी तारा जोडायच्या, त्यांची दुसरी टोकं तुझ्याकडे असलेल्या लाकडी मुठीला. उडवणारा मध्यभागी उभा राहतो, विमान त्याच्याभोवती गोल फिरतं, घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणून डावा पंख आतल्या बाजूला. मूठ मागे-पुढे कलली की पंखाच्या आत असलेला एक त्रिकोणी पत्रा हलतो, तो शेपटीचा आडवा फळा वर-खाली करतो. विमान चढतं, उतरतं, जमलं तर कोलांटीही घेतं. एवढंच नियंत्रण. रेडिओ नाही, बॅटरी नाही.

या खेळात तारा ताठ राहणं म्हणजे सगळं काही. तारा सैल पडल्या की विमान तुझं राहत नाही. म्हणून शेपटी उजवीकडे वळवतात, इंजिनही किंचित उजवीकडे रोखतात, म्हणजे विमान सतत वर्तुळाबाहेर ओढत राहतं. आतला पंख बाहेरच्यापेक्षा किंचित हळू जातो, त्याला उचल कमी मिळते, म्हणून तो बोटभर लांब. आणि तारांचं वजन डाव्या टोकाला लोंबतं, त्याच्या तोलासाठी उजव्या टोकात वजन घालतात. मामाने तिथे शिसं, नट किंवा नाणी बसवलेली असणार. कागद फाडू नकोस, मागून टॉर्च धर, दिसतील.

जरा हिशेब सांगतो म्हणजे तारांची भीती मनात बसेल. अर्धा किलोचं विमान ताशी ८० किलोमीटरने १५ मीटरच्या तारेवर फिरलं तर एक फेरी चार-सव्वाचार सेकंदांत होते आणि तुझ्या मनगटाला पावणेदोन किलोच्या आसपास ओढ लागते. त्या रिळावरची जुनी तार वापरूच नकोस, गंज आतून खातो. नवी पोलादी तार घे, सगळं जोडून झाल्यावर ताणकाट्याने विमानाच्या दहापट ओढ देऊन बघ. तुझ्यासाठी पाच किलो. मूठ, गाठी, पंखातला पत्रा, सगळं त्या ओढीत टिकलं पाहिजे. मुठीला मनगटात अडकवायचा पट्टा लाव. आणि विजेच्या तारा जवळ असलेल्या मैदानात पाऊलसुद्धा टाकू नकोस. तुझ्या हातात पोलादाची तार असते, विमान विजेच्या तारेला लागलं की माणूस जागीच जातो. हे मी वाढवून सांगत नाही.

इंजिन. प्लग नाही, डोक्यावर आडवी दांडी, म्हणजे ते डिझेल. त्या काळी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसायचं ते कलकत्त्याला बनणारं ऑरोरा १.५ सीसी, माझं पहिलंही तेच. दांडी फिरवली की सिलिंडरमध्ये वरून एक छोटा उलटा पिस्टन खाली-वर होतो आणि दाब कमी-जास्त होतो. ईथर त्या दाबाने पेटतं. तुझं इंजिन गंजलेलं नसावं. एरंडेल इतक्या वर्षांत वाळून लाखेसारखं होतं, त्यानेच आतून चिकटवून ठेवलंय. या पिस्टनला रिंगा नसतात, तो सिलिंडरशी घासून जुळवलेला असतो. पक्कडीने जोर केलास तर एक ओरखडा पडेल आणि दाब कायमचा गेला. नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल.

माझी रीत अशी. दांडी दोन आटे सैल कर. हलली नाही तर सोडून दे, ठोकू नकोस. इंजिन लाकडापासून सोडव, चार बोल्ट असतील. बाजूची सुई किती आट्यांनी निघाली ते मोजून काढ, कागदावर लिहून ठेव, ती मामाने जुळवलेली सेटिंग आहे. मग केस वाळवायच्या यंत्राने इंजिन गरम कर, हातात धरवणार नाही इतकं. शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब बाजूच्या धुराच्या भोकातून सोड, दोन मागच्या हवेच्या तोंडातून. कापडात गुंडाळून रात्रभर ठेव. सकाळी पुन्हा गरम कर आणि पंख्याची दोन्ही पाती बोटांनी धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. एकदम फिरवायचा नाही. मी एक इंजिन असं तीन दिवस करत बसलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी चहा गॅसवर होता, आणि हातात ते सुटलं. आधी मधातून चमचा फिरवल्यासारखं जड, मग हळूहळू मोकळं, आणि मग पिस्टन वर जाताना तो दाब बोटांना जाणवला. इंजिन जिवंत असल्याची खूण तीच. पेट्रोल पंपावरचं डिझेल त्यात घालायचं नाही, नावापुरतंच साम्य आहे.

मी भोसरीला टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, पण हाताला मापाची सवय लागली ती या विमानांनी. १९७५ साली शाळेत एनसीसीच्या एअर विंगमध्ये पहिलं ग्लायडर केलं. बाल्सा कलकत्त्याहून पोस्टाने यायचा, म्हणून तुकडाही टाकायचा नाही. शेपटीच्या फासळ्या पतंगाच्या कामट्यांच्या. १९७९ च्या दिवाळीत पहिलं तारेवरचं विमान तयार झालं, सहा महिने लागले होते. धाकट्या भावाने सोडलं, मी मूठ मागे घेतली, आणि विमान नाक खाली घालून जमिनीत. तीन सेकंद. मी मूठ उलटी धरली होती, 'वर'ची तार खाली आली होती. पुढचं लाकूड काड्यापेटीत मावेल असं झालं होतं. तेव्हापासून उडवण्याआधी मूठ कलवून शेपटी कुठे जाते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी 'सोड' म्हणालेलो नाही.

पुणेरी पायलट, तुमचं सामान बरोबर आहे, पण ते या विमानात नको. आखूड-लांब पंख, वळलेली शेपटी, वाकडं रोखलेलं इंजिन, एका टोकात वजन. तार सोडून हे मोकळं उडवलं तर सरळ जाणारच नाही. आणि सरळ करायचं तर मामाचं काम मोडावं लागेल. कृष्णाकाठ, तुला रेडिओचं हवंच असेल तर दुसरं बांध. फोमचं, पंख धडाच्या वर बसवलेला, दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, सातशे-आठशे ग्रॅम. किलोला १५० वॅटचा अंदाज धर, २२१२ आकाराची १००० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटात हजार फेरे) मोटर पुरे. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पावभागावर किंवा बोटभर मागे. नाकाकडे किंचित जड चालतं, शेपटीकडे जड असलेलं पहिल्या उड्डाणात जातं. लायपो पूर्ण भरून कपाटात ठेवायची नाही, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची.

आज तुम्हाला २.४ गिगाहर्ट्झचे सेट मिळतात याचं मला खरंच अप्रूप वाटतं. माझा १९९४ चा सेट ७२ मेगाहर्ट्झचा होता, अमेरिकेहून आलेला. प्रत्येकाचा क्रिस्टल, म्हणजे सेटची लहर ठरवणारा खडा, ठरलेला, फळीवर त्या आकड्याची कपड्याची क्लिप असायची, ती ज्याच्या ॲन्टेनाला लावलेली त्यानेच सेट चालू करायचा. एकदा एकाने क्लिप न घेता बटण दाबलं. माझं दोन मीटरचं ग्लायडर डोळ्यांदेखत उसात गेलं, ऊस तोडला तेव्हा मिळालं. फासळ्या अजून ठेवल्यात.

आकाशवेडी

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी पण एअर विंगची. पहिल्यांदा उडवताना चक्कर येते, ते मात्र लिहिलेलं नाही. नजर फक्त विमानावर ठेवायची, मागच्या झाडांवर नाही. हात सरळ, कोपर ताठ, मनगट नाही तर अख्खा हात हलवायचा. नवीन माणसाचं मनगट फार पटकन हलतं आणि विमान वर-खाली उड्या मारायला लागतं. आधी टाकी पावभर भरा, वीस-पंचवीस फेऱ्यांत इंजिन आपोआप बंद पडेल. आणि विमान सोडणारा माणूस वर्तुळाबाहेर पळतो, आत नाही. आधी दोनदा नुसती तालीम करून घ्या.

कृष्णाकाठ

बाटली गेली. अग्निशमन दलाचे दोघं आले, वाळूच्या बादलीत ठेवून घेऊन गेले. आजी घाबरली होती, पण त्यांनी चांगलं समजावलं.

टॉर्च धरला. उजव्या पंखाच्या टोकात दोन गोल सावल्या आहेत, नाण्यांच्या. आजीला बोलावून दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, माझ्या डब्यातले पैसे कमी व्हायचे ते हेच.

पंखा तिसऱ्या दिवशी सुटला. तुम्ही लिहिलंय तसाच दाब लागला बोटांना. सुई सव्वातीन आट्यांवर होती, लिहून ठेवलं. सर्व्होचा विचार सोडला. एक विचारायचं राहिलं, मुठीच्या एका टोकाला लाल रंगाचा ठिपका आहे. तो वर धरायचा की खाली?

बाल्सा ६१

बहुतेकजण 'वर'च्या बाजूला ठिपका द्यायचे, मीही देतो. पण त्यावर विसंबू नकोस. तारा जोड, विमान कोणाला तरी धरायला सांग, ठिपका वर ठेवून मुठीचं वरचं टोक स्वतःकडे कलव. शेपटीचा फळा वर उचलला तर बरोबर. खाली गेला तर तारा अदलाबदल कर. मग नव्या रंगाने आणखी एक ठिपका दे, मामाच्या ठिपक्याशेजारी.

कागदासाठी आत्ता काही घेऊ नकोस. माझ्याकडे लाल टिश्यू कागद आहे, पत्ता खाजगी निरोपात पाठव. इंधन तू मिसळू नकोस, पावसाळा संपला की मी मिरजेला येतो तेव्हा बघू.